जबाबाच्या खोलीतली बाई

विश्वास ठेवा म्हणून कुणाच्या पाया पडायचं नाही. ज्याला ही थाप वाटेल त्यानं इथूनच मागं फिरावं.

पण हे घडलंय. आमच्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडलंय. आणि ती बाई एकट्या वहिनीला दिसली असती तर गोष्ट वेगळी. तिला अख्ख्या वर्गानं पाहिलं. सगळे पोलीस.

रात्र नव्हती. वारा नव्हता. कुत्रं रडत नव्हतं.

भर दुपार होती. जेवणं नुकतीच आटपली होती. खोलीत पांढरे दिवे लख्ख जळत होते.

म्हणूनच जास्त भीती वाटते.

वहिनी पोलिसात फौजदार. घरात गरीब गाय, पण कामावर अरे ला का रे करणारी. दादा म्हणतो, "आमच्या घरात दोनच मतं चालतात. एक हिचं, आणि दुसरं हिनं बदललेलं." तिला तपासाच्या कामावर जायचं होतं. त्यासाठी सरकारी प्रशिक्षण केंद्रात शिकून, पास होऊन यावं लागतं. गुन्ह्याची जागा कशी बघायची, ठसे कसे उचलायचे, संशयिताला कसं बोलतं करायचं... आणि साक्षीदाराचा जबाब कसा घ्यायचा.

जबाब शिकवायला होते मास्तर. हे त्यांचं टोपणनाव. सगळी हयात तपासात घालवलेला, आवाज न चढवणारा माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं,

"साक्षीदार बोलायला लागला की तुमच्या तोंडाला कुलूप. मध्येच तोडलंत तर जे तुटेल ते पुन्हा जोडता येत नाही. नाव-गाव शेवटी विचारा. आधी माणूस मोकळा होऊ द्या."

सरावासाठी एक खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात कॅमेरा. एका भिंतीला मोठी काच. आतून ती आरशासारखी दिसायची. पलीकडच्या खोलीतून मात्र बाकीचे सगळे आत बघू शकायचे आणि स्पीकरवर ऐकू शकायचे. साक्षीदाराचं सोंग घ्यायला नाटकात कामं करणारी एक बाई यायची. तिला गोष्ट पढवलेली असायची. शिकणाऱ्यानं ती गोष्ट तिच्याकडून काढून घ्यायची.

त्या दुपारी पाळी वहिनीची होती.

ती आत जाऊन बसली. कागद सरळ केले. पेनचं टोपण काढलं.

दाराचा आवाज आला नाही...

पावलांचाही आला नाही...

मान वर केली, तर बाई समोर बसलेली.

पन्नाशीची. केस मागे घट्ट बांधलेले आणि ओले. अंगावर कामावरचा निळा एप्रन. दोन्ही हात टेबलावर पालथे.

वहिनीची नजर त्या हातांवर गेली. बोटं पांढरीफटक होती. सुरकुतलेली. दिवसभर पाण्यात राहिल्यासारखी.

'नाटकवालीनं सोंग बेमालूम वठवलंय,' वहिनीच्या मनात आलं. आदल्या दिवशी ही दुसरीच कुणी होती, पण मास्तर माणसं बदलत असतील.

"जे झालं ते तुमच्या पद्धतीनं सांगा," वहिनी म्हणाली. "मला घाई नाही."

बाईनं काचेकडे पाहिलं. मग वहिनीकडे.

"मध्ये तोडणार नाही ना?"

"नाही."

"आधी तोडलं होतं."

वहिनी गप्प राहिली. शिकवलं होतं तसं.

"कालव्यापलीकडे बंद पडलेली लाँड्री आहे," बाई सांगू लागली. आवाज जड होता, सर्दी झाल्यासारखा. "हॉटेलांच्या चादरी धुवायचो आम्ही. धुराडं अर्धं पडलंय. मागच्या अंगाला जमिनीत दोन टाक्या आहेत. डावीकडच्या टाकीचं तोंड सिमेंटनं बुजवलंय. तिच्यात एक पोर आहे."

"कोण पोर?"

"घड्या घालायची. हसायची फार. केसांत पिवळी क्लिप. पळून गेली म्हणून लिहिलंय तुमच्या लोकांनी. ती कुठंही गेली नाही."

"तुम्ही काय पाहिलंत?"

"वरचं झाकण सरकलं. उजेड आला. मुकादमाचे हात दिसले. मग... ती आली."

"तेव्हा तुम्ही कुठं उभ्या होतात?"

बाई बराच वेळ बोलली नाही.

कुठंतरी पाणी ठिबकलं...

टप्प.

त्या खोलीत नळ नव्हता.

"उभी नव्हते," बाई म्हणाली.

वहिनीच्या मानेवर सर्रकन काटा आला. उठावंसं वाटलं. पण मनात तिनं स्वतःलाच दटावलं. सोंगाला घाबरलीस तर उद्या खऱ्याला काय तोंड देणार?

"ती मुलगी तुमची कोण?"

"आधी कुणी नव्हती. आता माझीच."

"मुकादमाबद्दल तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"गेले होते ना. त्या पोरीच्या आधीची गोष्ट. तो बायकांच्या अंगाशी यायचा, ते सांगायला. चौकीत बाकावर बसवून ठेवलं. तोंड उघडलं की तोडायचे. घरी पुरुषमाणूस आहे का, विचारायचे. घरी कुणीच नव्हतं माझ्या. दिवस मावळल्यावर हाकललं. परत कामावर गेले, तोवर त्याला कळलं होतं."

"मग?"

बाईनं तोंड उघडलं...

आणि दारावर टकटक झाली.

वहिनीनं मान वळवली. अर्धा क्षण, जास्त नाही. दारात नाटकवाली उभी होती. कालचीच. घामाघूम.

"माफ करा हं! रस्त्यात गाडीच बंद पडली. माझ्याशिवाय सुरू केलंत की काय?"

वहिनी परत वळली.

खुर्ची रिकामी होती.

टेबलावर दोन ओले पंजे उमटले होते. तिच्या डोळ्यांदेखत ते वाळत गेले. कडेकडून आत... आणि मग काहीच उरलं नाही.

पलीकडच्या खोलीतून सगळे धावत आले. मास्तर सर्वांत पुढं.

"कुठं गेली ती?" कुणीतरी ओरडलं. "आत्ता तर बसली होती!"

"तिचा माईक बंद होता का? आम्हाला फक्त तुझाच आवाज येत होता."

म्हणजे सगळ्यांना दिसली होती. ऐकू मात्र एकट्या वहिनीलाच आली होती.

मास्तरांनी कॅमेऱ्यातलं चित्रीकरण लावलं. वर्ग पडद्याभोवती गोळा झाला. पडद्यावर वहिनी होती. टेबल होतं. समोरची खुर्ची होती... रिकामी.

वहिनी रिकाम्या खुर्चीला विचारत होती, "कोण पोर?"

मग शांतता.

"तेव्हा तुम्ही कुठं उभ्या होतात?"

मग पुन्हा शांतता. लांब. आणि त्या शांततेत, अगदी स्पष्ट...

टप्प.

वर्गातला एक धिप्पाड गडी, ज्याला सगळे पैलवान म्हणत, तो मटकन खाली बसला. नाटकवाली तर तेव्हाच निघून गेली. पुन्हा त्या केंद्राची पायरी चढली नाही.

संध्याकाळी केंद्राच्या प्रमुखांनी वहिनीला बोलावलं. मोठे साहेब. टेबलाला धूळ नाही आणि बोलण्याला ओल नाही.

"यंत्रात बिघाड झाला, सराव रद्द, असं लिहून सही करा," ते म्हणाले. "पोलीस भुताचा जबाब घेतात म्हणून बाहेर कळलं, तर लोक तोंडात शेण घालतील आमच्या."

"यंत्रात बिघाड नव्हता, साहेब."

"मग तुमच्या डोक्यात असेल. तसा शेरा मारू? तपासाला अयोग्य म्हणून? आयुष्यभर रहदारीला हात दाखवत बसाल."

वहिनीच्या डोळ्यांपुढं तिची सगळी मेहनत आली असणार. पण वहिनी कुणाचं ऐकतेय!

"मारा शेरा," ती म्हणाली. "मी कुणालातरी शब्द दिलाय, तोडणार नाही म्हणून. सही करणं म्हणजे तोडणंच आहे."

ती तशीच बाहेर पडली. मास्तर व्हरांड्यात उभे होते. ते एवढंच म्हणाले, "ती खरी होती का खोटी, हे मला विचारू नकोस. टाकी आहे का, ते बघ आधी. जबाब पडताळून बघायचा असतो."

सुट्टीच्या दिवशी सकाळी वहिनी दादाला घेऊन निघाली.

"अगं, भुतानं पत्ता दिला म्हणून कुणी जातं का?" गाडी चालवताना दादा कुरकुरत होता. "लोक उलट्या दिशेनं पळतात."

"अहो, तुम्हाला कुणी टाकीत उतरायला सांगितलंय? गाडीत बसून राहा."

"एकटा? नको. त्यापेक्षा तुझ्यामागं बरा."

कालवा ओलांडला. वळण घेतलं... आणि दादाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

धुराडं समोर होतं. अर्धं पडलेलं.

लाँड्री कधीच बंद झाली होती. आता तिथं कुणाचातरी माल ठेवत. राखणीला एक साठीतला माणूस होता, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आधी इथला मुकादम होतो, असं त्यानंच अभिमानानं सांगितलं. वहिनी साध्या कपड्यांत होती. भाड्यानं जागा बघायला आलोय म्हणाली. मागचं आवारही बघू द्या म्हणाली.

मागं दोन टाक्या होत्या. उजवीचं तोंड उघडं. डावीवर सिमेंट.

"ही का बुजवलीत?" वहिनीनं विचारलं.

"गळत होती. कोरडी ठणठणीत आहे. काही नाही तिच्यात."

'काय आहे' असं कुणी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात, पायाखालून...

टप्प.

दादानं वहिनीचा दंड धरला. मुकादमाचा किल्ल्यांवरचा हात थांबला.

मग दुसरा आवाज आला. पाण्याचा नव्हता. आतून कुणीतरी बोटाच्या पेरानं ठोकल्यासारखा. एकदा... दोनदा...

दादाची बोबडी वळली. मुकादम दोन पावलं मागं सरकला. तोंडाचा रंग पार उडाला होता. "उंदीर," तो पुटपुटला. "उंदीर झालेत फार."

वहिनी मागं सरकली नाही.

ती त्या सिमेंटवर सरळ गुडघे टेकून बसली. तळवा पसरून ठेवला. आणि वरून तसंच ठोकलं. एकदा. दोनदा.

"मी आलेय," ती मोठ्यानं म्हणाली. "आता कुणी कितीही घाबरवू दे. उघडल्याशिवाय जात नाही."

आतला आवाज बंद झाला. एकदम. कुणीतरी कान देऊन ऐकत असावं तसा.

तिथून ती थेट त्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेली. ड्युटीवरच्या अंमलदारानं सगळं ऐकलं... म्हणजे ऐकल्यासारखं केलं. पिवळ्या क्लिपवाली मुलगी त्याला आठवली. "पळून गेली ती. तिची मोठी बहीण अजून येते अधूनमधून डोकं खायला. तुम्हाला कुणी सांगितलं टाकीचं?"

"साक्षीदारानं."

"नाव?"

वहिनीकडे नाव नव्हतं.

"मग जा तुम्ही. साहेब आले की बघू."

वहिनी गेली नाही. भिंतीला एक लाकडी बाक होता, त्यावर बसली. दुपार झाली, ती बसून. चहा आणला, घेतला नाही. अंमलदार वैतागला, "बाई, तुम्ही स्वतः पोलीस आहात, हे शोभतं का?"

"पोलीस आहे म्हणूनच बसलेय," वहिनी म्हणाली. "या बाकावरून उठून गेलेल्यांचं काय होतं, ते मला माहीत आहे."

मध्यंतरी दादा त्या मुलीच्या बहिणीचं घर शोधून, सगळं सांगून तिला घेऊन आला. मास्तरही आले, बोलावल्याशिवाय. चौघं झाली बाकावर. संध्याकाळी ठाण्याचे साहेब आले तेव्हा त्यांना आत जायलाही वाट उरली नव्हती. बहिणीनं नव्यानं अर्ज दिला, मुकादमावर नाव घेऊन संशय सांगितला. साहेबांनी बहिणीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि उद्या टाकी उघडू म्हणाले.

त्या वेळी बहिणीनं पिशवीतून मुलीचा फोटो काढून वहिनीच्या हातात दिला. हसरी, विशीतली पोर. पिवळी क्लिप.

"हीच आली होती ना तुमच्याकडं?" बहिणीनं विचारलं. डोळे भरलेले.

वहिनीनं फोटो पाहिला.

"नाही," ती म्हणाली. "ही नव्हे."

"मग तुमची आई असेल," दादा बहिणीला म्हणाला. "किंवा आजी वगैरे?"

"आई घरी आहे. धडधाकट आहे," बहीण म्हणाली. "आमच्यात लाँड्रीत दुसरं कुणीच नव्हतं."

मग जबाब दिला कुणी?

दुसऱ्या दिवशी मजूर आले. सिमेंट फुटलं. आत खाली काळं, साचलेलं पाणी होतं. कोरडी ठणठणीत नव्हतीच ती टाकी.

पोर सापडली. क्लिप केसांतच होती.

बहीण जमिनीवर कोसळली. वहिनीनं तिला सावरलं. तेवढ्यात आत उतरलेल्या माणसानं वर हाक मारली. त्याचा आवाज कापत होता.

"साहेब... आणखी एक आहे."

साहेब टाकीच्या तोंडाशी वाकले.

"पोरीच्या खाली आहे. असं वाटतंय... हिनं तिला धरून ठेवलंय."

डॉक्टरांनी नंतर सांगितलं. दुसरी बाई वयानं मोठी, पन्नाशीच्या आसपासची. अंगावर निळ्या कापडाचे तुकडे. आणि ती त्या मुलीच्या बरीच आधीपासून त्या टाकीत होती.

वरचं झाकण सरकलं. उजेड आला. मग ती आली.

वहिनीला तेव्हा कळलं, ती बाई कुठून बघत होती.

मुकादमाला पळायची ताकदच राहिली नव्हती. त्यानं दोन्ही खून कबूल केले. मोठीचं नाव विचारलं, तर म्हणाला, "माहीत नाही. सगळे तिला 'ए बाई' म्हणायचे." रोजंदारीवरची, एकटीच राहणारी. लाँड्रीतल्या जुन्या बायकांना ती आठवत होती, नाव कुणालाच आठवत नव्हतं. ती हरवल्याची तक्रार कुठंच नव्हती. करणार कोण?

आपल्याला शोधणारं कुणी नाही, हे तिला ठाऊक असणार. म्हणून ती स्वतःसाठी आली नाही. जिला शोधणारी बहीण होती, त्या पोरीसाठी आली.

मोठ्या साहेबांनी शेरा मारायचा तो मारलाच. त्या वर्षी वहिनीला पास केलं नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली, पुन्हा शिकली, पास झाली. आज ती त्याच कालव्यापलीकडच्या ठाण्यात तपासाला आहे. आपण होऊन मागून घेतलं तिनं ते ठाणं.

'अनोळखी महिला' म्हणून ती फाइल बंद करा, असं वरून किती वेळा आलं. वहिनी दर वेळी परत पाठवते. "माझ्या साक्षीदाराचा जबाब अपुरा आहे," म्हणते.

चेहऱ्यावरून तरी नाव मिळेल म्हणून तिनं चित्रकार बोलावला. वहिनी डोळ्यांत तेल घालून बघायला शिकलेली. हात आठवले, ओले केस आठवले, आवाज आठवला. चेहरा मात्र निसटत होता. कसंबसं एक चित्र झालं. मग काचेपलीकडून बघणाऱ्या एकेकाला बोलावून तिनं वेगवेगळी चित्रं काढून घेतली. पैलवान आला, मास्तर आले, सगळे आले.

चित्रं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा ती खोली गार पडली.

एकाही चित्रातला चेहरा दुसऱ्याशी जुळत नव्हता. नाक वेगळं, डोळे वेगळे, कपाळ वेगळं. जणू प्रत्येकानं दुसरीच बाई पाहिली होती.

पण प्रत्येक चित्रात... तोंड अर्धवट उघडं होतं. आता काहीतरी सांगणार असल्यासारखं.

तसं काढा, असं कुणीच सांगितलं नव्हतं. चित्रकारानं पैसेही न घेता सामान आवरलं.

वहिनीनं ती सगळी चित्रं ठाण्यात, आल्याआल्या दिसतील अशी लावलीत. लोक घाबरतात, काढा, असं साहेब म्हणाले. ती म्हणाली, "घाबरू देत. ज्या दिवशी नाव कळेल, त्या दिवशी मी स्वतः काढीन."

दादा आता तिला डबा द्यायला आत जात नाही. बाहेरूनच हाक मारतो.

ती मात्र रोज त्या चित्रांखाली खुर्ची टाकून बसते. कुणी बोलायला आलं की दार लावून घेते, आणि ते बोलत असेपर्यंत बाहेरून कितीही टकटक झाली तरी मान वळवत नाही.

टकटक होते, हे नक्की. दारापाशी जाऊन बघितलं तर कधी कुणी असतं...

कधी कुणीच नसतं.